मदत हवी आहे: टायरच्या कडेवरचे आकडे वाचून द्याल का? पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे निघालेत

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात मामेभावाच्या लग्नाला पुण्याहून नागपूरला जायचंय. गाडीत मी, नवरा, आई-बाबा आणि लग्नाचं सामान. छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीचा रस्ता, तिथून पुढे समृद्धी. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचल्यापासून माझ्या डोक्यातून टायर जात नाहीत.

गाडी २०१८ची स्विफ्ट, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. ३४ हजार किलोमीटर झालेत. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "टायरला अजून दोन वर्षं हात लावू नका." वरून बघितलं तर नक्षी खरंच चांगली आहे.

रविवारी पार्किंगमध्ये चटई टाकून बसले आणि पाचही टायर वाचून काढले. काळ्यावर काळी अक्षरं, काही दिसेना. मग मुलीच्या पाटीवरचा खडू अक्षरांवर आडवा घासला, तेव्हा उठून दिसली. वाचलं ते असं:

पुढचे दोन: १६५/८० आर १४ ८५ टी. डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ०९१८.
मागचे दोन: १७५/७० आर १४ ८४ टी. शेवटी ३१२२.
स्टेपनी: पुढच्यासारखंच माप, शेवटी ०५१८. ही एकदाही वापरलेली नाही, रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर फक्त १६५/८० आर १४ आहे. म्हणजे मागचे टायर आधीच्या मालकाने वेगळे बसवलेत. ते चालतील का? पुढच्या एका टायरवर तारखेचे आकडे बाहेरून सापडलेच नाहीत, चाकाखाली वाकून आतल्या बाजूला मोबाइलचा उजेड मारावा लागला. असं का? टायरवर "कमाल ३०० केपीए, ४४ पीएसआय" लिहिलंय आणि स्टिकरवर त्याहून बरंच कमी. मग हवा कोणत्या आकड्याने भरायची?

आणखी एक. पुढच्या टायरवरचा खडू ओल्या फडक्याने पुसला, तरी अक्षरांच्या खालच्या भागात केसासारख्या पांढऱ्या रेषा राहिल्या. त्या काही निघेनात. मागच्यांना तसं झालं नाही.

विचार असा आहे की स्टेपनी नवीकोरी आहे, तर ती पुढे लावावी आणि एकच टायर विकत घ्यावा. बरोबर आहे का?

घाटमाथा

मापाचं सांगतो. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे ८० मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे कडेची उंची १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची ठेवण. पुष्कळ जण त्याला रेडियस समजतात. १४ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचात.

आता तुमच्या गाडीचं गणित करून बघा. पुढचं चाक: १३२ दुणे २६४, अधिक १४ इंचांचे ३५५.६, एकूण ६१९.६ मिमी. मागचं: १७५चे ७० टक्के १२२.५, दुणे २४५, अधिक ३५५.६, एकूण ६००.६. म्हणजे मागचं चाक १९ मिमीने बुटकं, गाडी मागून साडेनऊ मिमी खाली बसलेली. एका किलोमीटरला पुढचं चाक साधारण ५१४ फेऱ्या घेतं, तर मागचं ५३०. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चारही चाकांच्या फिरण्याचा वेग ताडून बघत असते, तिला हा फरक सतत दिसत राहतो.

गंमत बघा, याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतात. आकडे अगदी वेगळे, पण व्यास ६२१.५ मिमी, जेमतेम २ मिमीचा फरक. कंपनी माप बदलते तेव्हा व्यास असा सांभाळून बदलते. तुमच्या आधीच्या मालकाने फक्त १४ बघितलेला दिसतो.

पाना१४

ताई, साताऱ्यात टायरच्या दुकानात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. मापाआधी त्या पांढऱ्या रेषांचं बघा. त्या रेषा म्हणजे भेगा आहेत. रबर वाळलंय, बारीक तडे गेलेत आणि त्यात खडूची पूड जाऊन बसली. म्हणून ती फडक्याने निघत नाही.

शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ०९१८ म्हणजे २०१८चा नववा आठवडा, फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात. तुमचे पुढचे टायर गाडीबरोबरच आलेले आहेत, साडेसात वर्षं उलटून गेली. बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. नक्षी किती घासली ते किलोमीटरवर ठरतं, पण रबर ऊन, हवा आणि काळाने म्हातारं होतं, गाडी उभी असली तरीही.

म्हणूनच स्टेपनी पुढे लावू नका. ०५१८ म्हणजे ती तर पुढच्यांपेक्षा चार आठवड्यांनी मोठी आहे. केस दिसतात म्हणून ती नवी होत नाही.

तारीख पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला डीओटीची ओळ अर्धवट सोडलेली असते. बसवताना तारखेची बाजू आत गेली की तुमच्यासारखं वाकायला लागतं.

८५ हा वजनाचा आकडा. थेट किलो नव्हेत, त्याचं कोष्टक असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८४ म्हणजे ५००. म्हणजे तुमच्या मागच्या टायरांची ताकद कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आहे, आणि आई-बाबा, सामान सगळं मागेच बसणार. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. समृद्धीवर मर्यादा १२०ची आहे, तेव्हा वेगाच्या अक्षराची चिंता नाही.

हवा मात्र स्टिकरवरच्या आकड्यानेच भरा. ४४ ही टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीला ती लागत नाही. गाडी भरलेली असेल तर स्टिकरवर त्याचा वेगळा आकडा असतो, तो बघा. आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा. सिमेंटच्या रस्त्यावर तासभर पळून आल्यावर मीटर चढलेलाच दिसेल, म्हणून कुणी हवा सोडायला लागला तर सोडू देऊ नका. कमी हवेने कड जास्त दबते, दबून तापते, आणि तापलेली जुनी कड फुटते.

टायरवर बारीक अक्षरांत आत किती थर आहेत तेही लिहिलेलं असतं, ते वाचाच. नक्षीखाली पॉलिएस्टर, स्टील, नायलॉन असे थर सापडतील. कडेला पाहाल तर नुसतं पॉलिएस्टर, बहुतेक एकच थर. तिथे स्टील नाही. म्हणून कडेचं पंक्चर काढत नाहीत आणि कडेला फुगा आला तर तो टायर त्याच दिवशी उतरवायचा.

साखरभात

मी नागपूरची, याच रस्त्याने वर्षातून तीन-चार वेळा येते. समृद्धीवर आरटीओचे लोक टायर तपासतात, गुळगुळीत झालेले असतील तर गाडी माघारी पाठवतात. पण ते बघतात घासलेली नक्षी. कडेवर टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेत १.६ मिमीचा उंचवटा असतो, नक्षी त्याला टेकली की टायर संपला. तुमचे टायर त्या तपासणीत सहज पास होतील, तारखेचं कुणी विचारणार नाही.

मागचे टायर २०२२चे आहेत. त्यातला एक स्टेपनी म्हणून ठेवला तर? खर्च वाचेल.

पाना१४

साखरभात, जवळच्या दुकानापर्यंत, मागच्या चाकाला, हळू चालवत नेणार असाल तर चालेल. पुढे लावायचा नाही. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि दोन्हीकडे वेगळा व्यास असला की गिअरबॉक्सच्या आतल्या भागांवर ताण येतो. पण समृद्धीवर दुकान दहा मिनिटांवर नसतं. मी तरी पाचवा नवाच घेईन.

नीलमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी नवऱ्याला आणि बाबांना वाचून दाखवले.

काल टायर घेतले. पहिल्या दुकानात पाच टायर काढून ठेवले होते, गुंडाळलेला कागदही तसाच होता. खडू पर्समध्ये होताच. कागद बाजूला करून घासला तर तिघांवर ११२२, दोघांवर ४०२२. दुकानदार म्हणाला, "गोडाऊनमध्ये सावलीत होते मॅडम, टायर नवेच आहेत." दर मात्र ताज्या मालाचा. मी नको म्हटलं. दुसऱ्या दुकानात माप आणि तारीख आधी सांगितली. तिथल्या काकांनी आतून पाच आणून दिले: १६५/८० आर १४ ८५ टी, सगळे ३८२५, म्हणजे सप्टेंबर २०२५चे. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६३३ हा क्रमांकही बघून घेतला.

बसवताना काकांनी कडेवरचा पिवळा ठिपका दाखवला. तो टायरची सर्वांत हलकी जागा, म्हणून व्हॉल्व्हसमोर ठेवतात, कारण व्हॉल्व्हचं वजन त्या बाजूला असतं. बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. तारखेची बाजू बाहेर ठेवा म्हटलं, तर या टायरला आत-बाहेर नाही, चालेल म्हणाले आणि पाचही तसेच बसवले.

जुन्या पुढच्या टायरांपैकी एक बाबांनी दुकानातच दोन्ही हातांनी कड वाकवून बघितला. बाहेरून केसाएवढ्या दिसणाऱ्या भेगा वाकवल्यावर उघडल्या. बाबा काही बोलले नाहीत, टायर काकांकडे देऊन टाकला.

निघायच्या दिवशी पहाटे घरीच हवा तपासायची आहे. हातात धरायचा हवेचा मीटर कोणता घ्यावा, कुणी वापरत असेल तर सांगा.