शोक आणि नैराश्य: फ्रॉइड नव्यानं वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

केळीबाग_यावल
बी.ए.ला मानसशास्त्र होतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा 'शोक आणि विषण्णता' (Mourning and Melancholia) हा निबंध तेव्हा गाइडच्या अर्ध्या पानात उरकला होता. गेल्या वर्षी वडील गेले. आई रडते, त्यांच्याबद्दल बोलते, सावरतेय. धाकटा भाऊ रडलाच नाही. गंधमुक्ती झाल्यापासून दारावर येणाऱ्यांसमोरही एकच धोशा, "मी नालायक, मी घर बुडवलं." डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. पण एकाच माणसासाठी दोघांचं दुःख इतकं निराळं का, हे मला समजून घ्यायचंय. इंग्रजी चालेल.

तापीकाठचा_मास्तर
ताई, मूळ निबंधच वाचा. १९१५ साली लिहिलेला, १९१७ला छापलेला, जेमतेम वीसेक पानांचा. पेंग्विनचा २००५चा शॉन व्हाइटसाइड यांचा अनुवाद घ्या. तुमचाच प्रश्न आहे त्यात. शोकात जग रितं होतं, विषण्णतेत माणूस स्वतःच रिता होतो. कोण गेलं ते कळतं, त्याच्याबरोबर आपलं काय गेलं ते कळत नाही. आणि माझ्या मते निबंधाचा गाभा पुढे आहे: असा माणूस स्वतःला जी दूषणं देतो ती नीट ऐकली, तर पुष्कळदा त्याला लागूच पडत नाहीत, त्याच्या जवळच्या दुसऱ्या कुणाला तरी पडतात. गेलेल्यावर रागावता येत नाही, मग तो माणूस आपल्याच आत येऊन बसतो आणि त्याची बोलणी आपण खातो.

एक विचारू? घर भावानं बुडवलं का?

केळीबाग_यावल
नाही हो. सोसायटीचं कर्ज वडिलांनी काढलेलं, ते गेल्यावर आम्हाला कळलं. बाग तर भाऊच सांभाळतो. वाचून अंगावर काटा आला.

सायली_धुळे
समुपदेशक म्हणून सांगते, ताई, हे भावाला ऐकवू नका. "तुला बाबांचा राग आलाय" असं घरच्यांनी म्हटलं की अपराधीपणा आणखी वाढतो. त्याचे शब्द जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. मोजक्या रुग्णांवरून लिहितोय, सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही, हे फ्रॉइडनं सुरुवातीलाच म्हटलंय. ते गाइडमध्ये कधी येत नाही. जगण्यात अर्थ नाही असं भाऊ बोलला, तर थांबू नका. लगेच डॉक्टर, नाहीतर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

तापीकाठचा_मास्तर
सायलीताईंशी पूर्ण सहमत. आणि १९१७वर थांबू नका. गेलेल्यातून मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक, असं तिथं आहे. १९२० साली फ्रॉइडची मुलगी सोफी फ्लूनं गेली. १९२९मध्ये मनोविकारतज्ज्ञ मित्र बिन्सवांगरला लिहिलेल्या पत्रात तोच म्हणतो की ती जागा कशानंही भरत नाही, आणि तसंच असायला हवं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांचं नाव घेतोच की. नातं तोडा असं कोण म्हणतं?

१९२३च्या 'अहं आणि इदं' (The Ego and the Id) या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तर तो सांगतो, गमावलेली माणसं आत घेऊनच आपण घडतो. म्हणजे आधी जे आजाराचं लक्षण मानलं, ते सगळ्यांचंच निघालं.

केळीबाग_यावल
आईसाठी काही?

सायली_धुळे
मनोविश्लेषक मेलानी क्लाइनचा शोकावरचा १९४०चा निबंध. तिचा मुलगा १९३४मध्ये डोंगरात अपघाती गेला. निबंधातल्या 'मिसेस ए' म्हणजे तीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मुलगा गेल्यावर पहिल्या दिवसांत ही बाई पत्रं निवडत बसते; त्याची ठेवते, बाकीची टाकून देते. परिभाषा जड आहे, म्हणून आधी तेवढाच भाग वाचा. १९२३चं प्रकरण त्यानंतर घ्या.