रशियातली आत्मदहनं: दोष जगाच्या अंताच्या श्रद्धेचा की राजसत्तेचा?

पैलतीर:
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या 'जुन्या श्रद्धे'च्या, म्हणजे चर्चचे बदललेले पूजाविधी नाकारणाऱ्या, हजारो लोकांनी लाकडी घरांत कोंडून घेऊन स्वतःला पेटवलं. विषय निघाला की 'अंधश्रद्धेचे बळी' म्हणून लोक मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. १६५३ पासून रशियन चर्चचा प्रमुख, पेट्रिआर्क निकॉननं पूजाविधी बदलले. क्रुसाची खूण दोनऐवजी तीन बोटांनी करायची सक्ती झाली. १६६६-६७ च्या धर्मसभेनं जुन्या रीतींना शाप दिला. १६८५ मध्ये, राजकन्या सोफिया राज्य चालवत असताना, छळानंतरही न बधणाऱ्यांना जाळायचा कायदाच झाला. १६८७ मध्ये ओनेगा सरोवरातल्या पालेओस्त्रोव्ह मठात लोक जळाले तेही फौज चालून आल्यावर. ज्यांना सरकार जाळणारच होतं, त्यांनी आग स्वतः लावली एवढंच!

सांजवात:
पैलतीर, कायद्याचं क्रौर्य मान्य. पण फौज येण्याच्या कितीतरी आधी मनं तयार होती, ते तुम्ही गाळलंत. रशियन लोक वर्षं जगाच्या उत्पत्तीपासून मोजत. ७००० वं वर्ष, म्हणजे १४९२, शेवटचं मानून ईस्टरच्या तारखांचे तक्तेही तिथवरच केले होते. मग १६६६ आलं आणि बायबलमधल्या श्वापदाचा ६६६ हा आकडा त्यात दिसला. जुन्या श्रद्धेच्या लोकांचा पुढारी, धर्मगुरू अवाकुम याला १६८२ मध्ये सरकारनं जाळलं हे खरं, पण आगीत उडी घेणाऱ्यांची त्यानं पत्रांतून स्तुती केली होती. १६९१ मध्ये येवफ्रोसिन या त्यांच्याच पंथातल्या भिक्षूनं आत्मदहनाविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि लोकांना त्यासाठी भरीस घालणाऱ्या उपदेशकांवर कडाडून टीका केली. त्या घरांत लहान मुलंही होती. त्यांना कोणी विचारलं होतं?

पैलतीर:
मुलांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण येवफ्रोसिन माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. जग संपत आलंय हे मानूनही माणूस आगीला नाही म्हणू शकत होता.

हेमाडपंती:
उत्तर रशियात व्यग नदीकाठी जुन्या श्रद्धेच्या लोकांनी केलेल्या वस्तीकडे बघा. १६९४ मध्ये ती वसली. जगाच्या अंती येणारा ख्रिस्ताचा शत्रू, म्हणजे ख्रिस्तविरोधी, जगावर राज्य करतोय अशी या लोकांची ठाम समजूत, तरी त्यांनी शेती केली, पोथ्या नकलून काढल्या, धातूच्या मूर्तिप्रतिमा ओतल्या, झार पीटरच्या लोखंडाच्या कारखान्यांना मदत केली. म्हणजे त्या श्रद्धेतून चिताच पेटते असं नाही.
पण सांजवात यांचा मुद्दाही उरतोच. १७३९ मध्ये चौकशी पथक आलं तेव्हा व्यगच्या पुढाऱ्यांनी सम्राज्ञीसाठी प्रार्थना करायचं कबूल केलं आणि वस्ती वाचवली. फिलिप नावाच्या भिक्षूला ती तडजोड म्हणजे धर्मद्रोह वाटला. तो अनुयायांसह वेगळा झाला आणि पुढे फौज आल्यावर त्यांच्यासकट जळून मेला. फौज दोघांच्याही दाराशी होती. पैलतीर, फिलिपच्या आगीचा हिशेब तुम्ही एकट्या सरकारच्या नावावर कसा लावणार?