मुलं वाढत्या वयात असताना लॉ करून फौजदारीत जावं का? (त्या पोस्टला उत्तर)

मनीषनगरची आई

परवा आपल्या पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. मुद्दा असा, की पस्तिशी ओलांडलेल्या आईबापांनी एलएलबीला प्रवेश घेऊन फौजदारी वकील, सरकारी वकील व्हायचं म्हणणं ही हौस आहे आणि तिची किंमत मुलं मोजतात. शेवटी होतं, ‘शिकायचं होतं तर वेळेत शिकायचं.’ तिथं दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून इथं लिहिते.

वेळेत म्हणजे नेमकं कधी? बी.ए.चा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न लागलं. मग सासऱ्यांचं आजारपण, दोन बाळंतपणं, नवऱ्याची बदलीची नोकरी. आता मोठा आठवीत, धाकटी तिसरीत आणि मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. वय ३९.

फौजदारीच का, तेही सांगते. पहिल्या वर्षी नागपुरात सिव्हिल लाईन्सच्या न्यायमंदिरात कोर्ट बघायला गेलो होतो. मॅजिस्ट्रेटपुढे एका पोराला रिमांडसाठी आणलं होतं. पुकारा झाला, पोलिसांनी काहीतरी मागितलं, कोर्टानं काहीतरी दिलं आणि पोरगा परत गाडीत. त्याची आई दाराशी उभी. दिसेल त्या काळ्या कोटाला विचारत होती, ‘साहेब, सोडलं का?’ कोणी थांबेना. शेवटी एक वकीलबाई थांबल्या. म्हणाल्या, ‘मावशी, पीसीआर संपला, आता एमसीआर झाला. म्हणजे पोलिसांच्या ताब्यातून जेलात. आता जामिनाचा अर्ज टाकता येतो, आधार कार्ड आणा, जामीनदार बघा.’ त्या बाईचा चेहरा मी बघितला. मला हे काम करायचंय. याला कोणी हौस म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

धरमपेठकर

ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेत नाही. भावना बाजूला ठेवा आणि वयाचा हिशोब मांडा.

जेएमएफसीला, म्हणजे खालच्या कोर्टाचा न्यायाधीश व्हायला, वकिलांसाठी खुल्या गटात वयोमर्यादा ३५. ताज्या पदवीधरांना जी वेगळी वाट होती, ती २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बंद झाली. आता तीन वर्षं वकिली केल्याशिवाय अर्जच नाही. सहायक सरकारी वकिलाला पाच वर्षांची वकिली लागते आणि खुल्या गटाला ३८ ची मर्यादा. फौजदार (पीएसआय) व्हायचं तर ३१ लाच दार बंद. ताई, तुमच्या हातात वकिलीची सनद पडेल तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडलेली असेल. मग उरतं काय? माझी चुलतबहीण शाळेची नोकरी सोडून लॉला गेली. आज ती कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करते. तिच्या मुलाची दहावी त्याच काळात गेली. मी हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून बोलतो.

फौजदारी बाजू

वीस वर्षांहून जास्त काळ याच कोर्टात फौजदारी करते. धरमपेठकर, तुमचे आकडे बरोबर, पण तुम्ही बंद दारंच मोजलीत.

लीगल एड डिफेन्स कौन्सिल ही योजना २०२२ पासून आहे. गरीब आरोपीचा बचाव करणारे पूर्णवेळ वकील, दरमहा मानधन. असिस्टंटला तीन वर्षांपर्यंतची वकिली चालते, डेप्युटीला किमान सात लागतात, चीफला किमान दहा. बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १८ खाली सरकारी वकील नेमायला सात वर्षांची वकिली लागते, त्या कलमात वयाचा शब्द नाही. घटनेच्या कलम २३३ नुसार थेट जिल्हा न्यायाधीशासाठीही सातच. शिवाय सरकारी वकिलाच्या जोडीला पीडितेला स्वतःचा वकील देता येतो. आमच्याकडे खरी टंचाई तिथंच आहे.

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) एका खटल्यात मी पीडितेच्या बाजूनं होते. मुलगी लहान, साक्षीला बसली आणि तोंडच उघडेना. सरकारी वकील सज्जन, पण नवखे. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते. मी कोर्टाला विनंती करून थोडी विश्रांती मागितली, कायद्यात तशी सोयच आहे. बाहेर तिच्या आईला म्हटलं, तिचं शाळेचं दप्तर आणा. ते मांडीवर घेऊन, त्याच्या चेनशी खेळत ती पोरगी सगळं बोलली. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, घरी पोरं वाढवताना समजलं.

हिंगणा रोड

वकील मॅडम, योजना ठीक आहेत, पण तिथवर पोचायचं कसं? मी एमआयडीसीत शिफ्ट करून राहिलो आणि लॉचं पहिलं वर्ष बी. हजेरी ७० टक्के पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं, म्हणजे वकिलांच्या वरच्या संस्थेनं, कॉलेजांना पत्रक काढलं: बायोमेट्रिक हजेरी, कॅमेरे, आणि नोकरी असंल तर मालकाची एनओसी. आमचा साहेब म्हणतो, वकील होऊन युनियन काढशील. देईन का तो एनओसी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच बार कौन्सिलनं ज्युनिअरला शहरात २० हजार, गावात १५ हजार द्या म्हणून सांगितलं. नुसती शिफारस. माझा मित्र वर्षभर सीनियरकडं फायली उचलून राहिला, हातात पेट्रोलापुरतं येते. सनदेची फी तेवढी सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये ७५० वर आणली, नाही तं ते बी हजारोंनी घेत होते. बाप माणसानं घर कसं चालवायचं, हे कोणी सांगून नाही राहिलं.

त्रिमूर्तीनगरची आजी

हिशोब झाले, कलमं झाली. दुपारी पोरांना ताट कोण वाढतं, ते एकानंही लिहिलं नाही.

माझी सून लॉ करते. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सकाळचं फिरणं आणि भजनी मंडळ एवढंच ठरवलं होतं. आता साडेबाराला व्हॅन येते. धाकट्याचे बूट काढा, वरणभात कालवा, मोठीचा प्रोजेक्ट, चारला ट्यूशन. जिना उतरताना गुडघ्यातून कळ येते. परीक्षा असली की रात्रीचा स्वयंपाकही माझाच. तिचा निकाल लागला तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीही केलं. पण प्रवेश घेताना मला कुणी विचारलं होतं का? ‘आई आहेत ना’ या तीन शब्दांत माझं म्हातारपण वाटून टाकलं.

मनीषनगरची आई

काकू, तुमच्या पोस्टमध्ये सून आहे, नातवंडं आहेत, तुम्ही आहात. तुमचा मुलगा कुठं आहे? बूट त्याला काढता येत नाहीत का?

त्रिमूर्तीनगरची आजी

माझ्या मुलावर जाऊ नका. तो सकाळी बुटीबोरीला जातो तो रात्री आठला उगवतो. घरचा हप्ता तोच भरतो आणि सुनेची फीसुद्धा. इंटरनेटवर बसून दुसऱ्याच्या घरात डोकावणं सोपं आहे.

हिंगणा रोड

काकू, राग नका मानू. मी बी रात्रीच येतो, पण पोरीची वेणी सकाळी मीच घालतो अन् डबा बी भरतो. बायको दवाखान्यात नर्स आहे, तिची बी शिफ्ट राहते. घरी म्हातारं कोणी नाही म्हणून शिकलो. रविवारी तरी होतेच ना माणसाच्यानं.

धरमपेठकर

हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. शिकणारा एक, राबणारे तीन. आजींनी माझाच मुद्दा सिद्ध केला.

त्रिमूर्तीनगरची आजी

माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. सुनेनं शिकू नये असं मी कुठं म्हटलं? मला विचारायला हवं होतं, एवढंच म्हटलं. मी बी.एड. केलं तेव्हा मुलगा मांडीवर होता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘दोनपर्यंत मी बघते, दोननंतर तू. आणि एकादशीला मला विठ्ठलाच्या देवळात जायचं असतं, त्या दिवशी तुझी सुट्टी.’ वर्षभर घरात एक भांडण झालं नाही. तुमच्यासारखे लोक तेव्हाही होते. म्हणायचे, पोरगं उघड्यावर पडलं. आज तोच पोरगा बायकोची फी भरतो.

फौजदारी बाजू

आजींचं मला पूर्ण पटतं. माझ्या चेंबरला येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ आईला मी आधी विचारते, घरी कुणाशी काय ठरलंय? कोर्टाचं काम पाचला संपत नाही. अटक रात्री होते, फोन रात्री येतो. ज्या घरात हे आधी बोललं गेलं नाही, तिथली बाई पहिल्या दोन वर्षांत सोडून जाते. हुशारी कमी पडली म्हणून गेलेली मी फारशी बघितली नाही.

धरमपेठकर

लीगल एडच्या नेमणुकांचं मला माहीत नव्हतं. तेवढं मान्य. पण त्या जागा किती आणि रांगेत किती, ते बघा. पोस्ट काढणार नाही.

मनीषनगरची आई

नका काढू. तुमचा वयाचा हिशोबच मला जास्त टोचतो, पण त्याचा दोष तुम्ही माझ्या माथी मारताय. न्यायाधीशाला प्रत्यक्ष अनुभव हवा म्हणून तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. पटलं. मग घर, दवाखाना, शाळा, पोलीस चौकी सगळं बघून आलेल्या माणसाला ३५ ची पाटी का दाखवता? मर्यादा वाढवा म्हणून अर्ज करायला हवेत. त्याऐवजी तुम्ही आम्हालाच घरी बसायला सांगता.

काकू, तुमच्या मुलाबद्दल मी तोडून बोलले, पण प्रश्न तोच आहे आणि तो मी माझ्या घरीही विचारते.

वर्धा रोड

भांडण चालू द्या, माझं एक काम. बी.कॉम.ला ४३ टक्के, ओबीसी, वय ४१, दोन मुली. लॉच्या प्रवेशाच्या सीईटीला बसता येईल का?

फौजदारी बाजू

येईल. ओबीसीला ४२ टक्के लागतात, खुल्याला ४५. बार कौन्सिलनं तीन वर्षांच्या कोर्सला ३० ची मर्यादा लावली होती, तिला सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये स्थगिती दिली. सीईटीला वयाची वरची अट नाही. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या वेळी सेतूत धावपळ होते.

हिंगणा रोड

अन् ताई, फॉर्ममध्ये कॉलेज भरताना आधी वर्ग सकाळी की दुपारी ते जाऊन विचारा. फोनवर सांगते ते धरू नका.