बॉल मेलाय की नुसता तेल प्यायलाय, कसं ओळखायचं?

डेट्रॉइटकर:
नमस्कार मंडळी, इकडे दर बुधवारी टेन-पिन बोलिंगची (बॉल घरंगळत सोडून १० पिन पाडायच्या) लीग खेळतो, सप्टेंबरात १५ पाउंडाचा रिॲक्टिव्ह बॉल (तेल लावलेल्या लेनवर पकड घेऊन वळणारा) घेतला. पहिले दोन महिने काय वळायचा! आता तोच हात तोच स्पीड, पण शेवटच्या १५-२० फुटांत वळायचं सोडून सरळच जातो, पॉकेटला (सगळ्यात पुढच्या पिनच्या बाजूच्या फटीत) लागला तरी १० नंबरची पिन उभीच. प्रो शॉपवाल्याने हातात घेऊन सांगितलं, मेलाय, नवा घ्या. खरंच संपला का? बाहेरून तर मस्त चकचकीत आहे, कुठे चीर नाही.

स्नेहल_ओहायो:
दादा, चकचकीत आहे हीच तर खूण! नवीन होता तेव्हा कसा होता आठवा, बरेचसे बॉल २०००च्या पॅडने (२००० ग्रिटचा, पॉलिश पेपरसारखा) घासलेले मॅट येतात. लेनवर घासून घासून तो खरखरीतपणा जातो आणि बॉल तेलावरून नुसता घसरतो. सप्टेंबर ते मार्च, रात्रीचे ३ गेम म्हणजे ८० तरी झाले की. मी ५०-६० गेमला घासून घेतेच. आणि दर शॉटनंतर पुसता का? तेलाचे रिंगण दिसतात ना बॉलवर, ते तसेच राहिले की आत मुरतात, बॅगेत टाकायच्या आधी तर पुसाच.

लेफ्टी_नाना:
आधी तेल काढ, मग घास, उलटं नको. भोकांवर इलेक्ट्रिकल टेप घट्ट लाव, बादलीत गरम पाणी, ५०-५५ डिग्री, उकळतं अजिबात नाही, त्यात भांड्यांचं लिक्विड चमचाभर. २० मिनिटांनी बघ, आमटीवर येतो तसा तवंग पाण्यावर आला की समज बॉल जिवंत आहे. पाणी गार झालं की बदल, तवंग थांबेपर्यंत कर. ओव्हनमध्ये टाकायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नकोस रे बाबा. आणि थंडीत डिकीत ठेवू नकोस, माझा एक जानेवारीत रात्रभर राहिला, अंगठ्याच्या भोकापासून बोटांपर्यंत चीर गेली, तो खरा मेला. स्पेअरचा (उरलेल्या पिन पाडायचा) प्लास्टिकचा बॉल मात्र १२ वर्षं तोच आहे, तो तेल पीतच नाही.

स्नेहल_ओहायो:
नाना, खेळताना पुसायचा टॉवेल कोरडाच हां, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सर्टिफाइड लीगमध्ये खेळताना लिक्विडला बंदी आली होती. आणि दादा, एका रात्रीवरून ठरवू नका, तिसऱ्या गेमला तेल आधीच सरकलेलं असतं. त्याच लेनवर, पहिल्याच गेमला, कुठल्या बोर्डवरून (लेनवरच्या उभ्या पट्टीवरून) टाकला आणि कुठे वळला ते लिहून ठेवा, तीन-चार आठवडे.

डेट्रॉइटकर:
काल रात्री केलं! पाणी तीनदा बदललं, पहिल्यांदा तर पिवळट तवंग आला, बॉलवर घामासारखे थेंब. मग २०००चं पॅड ओलं करून चारी बाजूंनी घासला, हाताला परत तो नव्यासारखा खरखरीतपणा लागतोय. बुधवारी पहिल्या गेमचे बोर्ड लिहून इथे टाकतो.