स्मृती-व्याख्यानमालेत गौरवाखेरीज काय असावे?

प्रश्न :
आमच्या ग्रंथालयातर्फे १४ एप्रिलच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर व्याख्यानमाला होते. सभागृह भरते, लोक श्रद्धेने ऐकतात; परंतु बहुतेक वक्ते चरित्रातील तेच ते प्रसंग सांगतात आणि अर्थशास्त्र, कायदा व समाजशास्त्र यांवरील बाबासाहेबांचे लेखन अस्पर्शित राहते. सामान्य श्रोता न दुरावता अभ्यासाला वाव मिळेल असे विषय कसे निवडावेत?

उत्तर १ :
याचा उत्तम नमुना बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त, ते पुण्यात बोलले. प्रसंग गौरवाचा होता. तरीही थोर पुरुष कोणाला म्हणावे हा प्रश्न आधी मांडून त्यांनी त्या कसोटीवर रानड्यांना पारखले, सामाजिक सुधारणेवरील त्यांच्या निष्ठेचे मोल दाखवले आणि गांधी व जीना या तेव्हा हयात असलेल्या नेत्यांशी त्यांची तुलना करताना विभूतिपूजेवर कठोर टीका केली. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीका केली, तेव्हा भाषण छापताना प्रस्तावनेत त्यांनी तिला उत्तरही दिले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी बजावले की राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेत चिकित्सेला संकोच वाटावा, हे मला फार खटकते. वक्त्याला विषय देतानाच ‘बाबासाहेबांचा युक्तिवाद मांडा आणि आज तो कुठे टिकतो, कुठे अपुरा पडतो ते सांगा’ असे स्पष्ट कळवावे.

उत्तर २ :
एका व्याख्यानाला एकच लेखन घ्या. शेतकरी श्रोते असतील, तर लहान शेतजमिनींवरील १९१८ चा निबंध घ्यावा. जमिनीचे तुकडे जोडले म्हणून शेती किफायतशीर होत नाही, शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त मनुष्यबळाला उद्योगांत काम मिळाले पाहिजे, हा त्यातील मुद्दा समजायला पदवी लागत नाही. तो निबंध महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात आहे. त्यातील उताऱ्यांचा मराठी अनुवाद आधी वाटलात, तर प्रश्नोत्तरे नेमकी होतील.

उत्तर ३ :
वरील सूचना मान्य आहेत, मात्र चरित्र पूर्णपणे वगळू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतलेला विद्यार्थी १९२० मध्ये पुन्हा तिथे जातो आणि रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहितो, हे सांगितल्यावर तरुण श्रोते चलनासारखा अवघड विषयही कान देऊन ऐकतील.