मदत हवी आहे : दोन लहान मुलांना घेऊन पुणं सोडून गुहागरला कायमचं जावं का? (रविवारपर्यंत ठरवायचंय)

मोगरा_पुणे | गुरुवार, रात्री ११:४८
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थोडक्यात लिहिते. आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. नवऱ्याला गुहागरला कायमचं राहायला जायचंय. घर आहेच. त्याचं काम घरून चालतं. मोठा जूनमध्ये पहिलीत जाईल, धाकटी दोन वर्षांची आहे. घराचा करार संपतोय, मालकांना रविवारी हो की नाही ते सांगायचंय. शाळेच्या फीचा पहिला हप्ता सोमवारी भरायचाय.
दोनच प्रश्न आहेत. इंटरनेट भरवशाचं आहे का? शाळा कशा आहेत? जे खरंच तिकडे राहतात त्यांनी सांगा. कोकण किती सुंदर आहे हे मला माहीत आहे, ते नको.

सुरमई | गुरुवार, रात्री ११:५९
मुलं मासे खातात का? खात असतील तर डोळे मिटून जा. पुण्यात मिळतो तो बर्फातला मासा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेवढे दोन महिने सुक्यावर आणि खाडीच्या माशांवर काढायचे. आमच्याकडे लहान मुलांना पहिला मासा मुडदुशाच देतात, काटे कमी.

मोगरा_पुणे | शुक्रवार, रात्री १२:०३
आम्ही शाकाहारी आहोत. इंटरनेट आणि शाळा, प्लीज.

कोथरूडकर | शुक्रवार, सकाळी ७:१०
अजिबात जाऊ नका. माझा चुलतभाऊ २०२० मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा असाच दापोलीकडे गेला. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, कित्येक दिवस लाइट नव्हती. दीड वर्षात परत आला. कंपनीने उद्या ऑफिसला या म्हटलं तर काय करणार? कुंभार्ली घाटातून रोज येणार का?

सातबारा | शुक्रवार, सकाळी ८:२२
"घर आहेच" म्हणजे काय? कुणाच्या नावावर आहे? सातबारा आणि घरपट्टीचा उतारा पाहिलात का? कोकणात आजोबांच्या, पणजोबांच्या नावावरच सगळं असतं, वारस नोंदी झालेल्या नसतात. तुम्ही तिथे पैसे घालून संडास-बाथरूम नवीन कराल, छप्पर बदलाल आणि मग मुंबईचे चुलत सासरे हिस्सा मागायला येतील. हे मी स्वतः भोगलंय, सतरा वर्षं कोर्टात गेली. आधी वाटणी करून घ्या, मगच सामान हलवा.

चिऱ्याचं_घर | शुक्रवार, सकाळी ९:०५
मी सहा वर्षांपूर्वी ठाण्याहून गुहागर तालुक्यात आलो, बायको आणि दोन मुलांसह. सांगू शकेन, पण आधी थोडी माहिती द्या. घर नक्की कुठे? वरचा पाट, खालचा पाट, असगोली की आत शृंगारतळीच्या बाजूला? नेटचं उत्तर यावरच ठरतं. आत्ता तिथे कोण राहतं? आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा काय?

मोगरा_पुणे | शुक्रवार, सकाळी ११:३०
खालचा पाट. सासूबाई राहतात. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या एकट्याच आहेत. सुपारी-नारळाची वाडी आहे. नवऱ्याच्या मीटिंग संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा, अमेरिकेतल्या लोकांबरोबर.
सातबाराचं मला माहीत नाही, विचारते.

कोथरूडकर | शुक्रवार, सकाळी ११:४१
मग सासूबाईंना पुण्यात आणा. एका माणसासाठी चार जणांनी उठून जायचं?

चिऱ्याचं_घर | शुक्रवार, दुपारी १२:१५
कोथरूडकर, वाडी असलेलं माणूस असं उचलून आणता येत नाही. हिवाळा-उन्हाळ्यात दिवसाआड शिंपणं असतं. चार-पाच महिने पाणी दिलं नाही तर पोफळी मान टाकतात, आणि नवीन लावलेली पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. ते नुसतं घर नाही.

मोगरा_पुणे | शुक्रवार, दुपारी १२:४०
आणलं होतं. तीन आठवडे राहिल्या. रोज संध्याकाळी शेजाऱ्यांना फोन करून मोटर लावली का, पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोचलं का, हे विचारायच्या. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी दीड महिन्यात काठी घेऊन वाडीत उतरल्या. नवऱ्याला म्हणूनच जायचंय. त्यावर मला चर्चा नकोय, त्याचं म्हणणं मला पटतं.

शाळाबाई | शुक्रवार, दुपारी ३:२०
मी जिल्हा परिषद शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच याच तालुक्यात. शाळेबद्दल निर्धास्त राहा. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. वर्गात मुलं कमी असतात, बाईंना प्रत्येकाचं घर माहीत असतं. फक्त पटसंख्या बघा. पट फार खाली गेला असेल तर एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा एप्रिलमध्येच, वर्ग भरलेला असताना एक तास मागे बसा. पहिलीच्या मुलांना वाचायला सांगा. माध्यम कोणतं हवंय, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

कोथरूडकर | शुक्रवार, दुपारी ३:४५
दहावीचे निकाल म्हणजे शिक्षण नव्हे. पुढे प्रवेश परीक्षांचे क्लास कुठे आहेत? सगळ्यांना अकरावीला शेवटी चिपळूण, रत्नागिरी, नाहीतर पुण्यालाच यावं लागतं.

शाळाबाई | शुक्रवार, दुपारी ४:०२
मुलगा पहिलीत चाललाय हो! अकरावीला दहा वर्षं आहेत.

मोगरा_पुणे | शुक्रवार, दुपारी ४:३०
मराठी माध्यम चालेल, मला तेच हवंय. बाई, मनापासून आभार. शाळेचं मिटलं. आता नेट.

चिऱ्याचं_घर | शुक्रवार, रात्री ९:१०
खालच्या पाटात नेट बरं आहे. फायबर मिळतं. ऑक्टोबर ते मे तुमच्या नवऱ्याचं काम व्यवस्थित चालेल. पावसाळ्यात वारा सुटला की माडाची झावळी तारेवर पडते आणि लाइट जाते, कधी दोन तास, कधी दोन दिवस. लाइट गेली की मोबाइलचा टॉवरही काही तासांनी मान टाकतो. मी मोठी बॅटरी असलेला इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिमं ठेवली, आणि वर्षभरातल्या सुट्ट्या मुद्दाम जुलैसाठीच राखून ठेवतो. साहेबांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.
पण मला एक विचारायचंय. तुम्ही गुहागरला जाता ते कधी? गणपती, शिमगा, मे महिना, हो ना? जुलैमध्ये सलग आठ दिवस कधी राहिलात का? आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दुपटी वाळत नाहीत, चुलीच्या वर दोरी बांधावी लागते. कपाटातला चामड्याचा पट्टा आठवड्यात हिरवा होतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी ओढली तर गूल नुसतं लाल चिखल होऊन कडेला लागतं. माझ्या बायकोने पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये बॅग भरली होती. दुसऱ्या वर्षी ती स्वतः पागोळ्यांखाली हंडे लावायला लागली.
मुलांच्या तब्येती कशा आहेत? दम्याचा त्रास वगैरे?

मोगरा_पुणे | शुक्रवार, रात्री ११:२०
नाही, जुलैत कधी राहिलो नाही.
दमा नाही. धाकटीला तापात आकडी आली होती. दोनदा. दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही अकरा मिनिटांत दवाखान्यात पोचलो होतो. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटर आहे.
नवरा म्हणतो डॉक्टर तिथेही आहेत.

सुरमई | शुक्रवार, रात्री ११:३२
ताई, घाबरू नका. कांदा फोडून नाकाशी धरायचा आणि दातात चमचा द्यायचा, जीभ चावली जात नाही. माझ्या आजीने आम्हा सगळ्यांना असंच वाचवलं.

पांढरा_कोट | शनिवार, सकाळी ६:४०
सुरमई, कृपया हे लिहू नका, कुणीतरी खरंच करेल. तोंडात काहीही घालायचं नाही. चमच्याने दात तुटतो, तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. कांदा, चप्पल, लोखंड यांचा काही उपयोग नाही. आकडी बहुतेक वेळा आपोआपच थांबते, म्हणून कांद्याने थांबली असं वाटतं.
मोगरा, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते आणि बहुतेक मुलांत वय वाढलं की बंद होते. मुलीला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करायचं, घड्याळ बघायचं. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली तर मात्र थांबायचं नाही. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो, तुमच्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्या आणि तिच्या वजनाप्रमाणे किती मारायचा ते कागदावर लिहून घ्या. घरातल्या प्रत्येकाला तो मारता यायला हवा, सासूबाईंनाही.
प्रत्येक आकडी किती वेळ चालली? एकाच तापात पुन्हा आली होती का? अंगाच्या एकाच बाजूला होती का? हे इथे लिहू नका, तुमच्या डॉक्टरांना सांगा आणि "आम्ही दवाखान्यापासून तासभर लांब राहायला जातोय" हे वाक्य त्यांच्यासमोर बोला. त्यावर त्यांचं मत काय येतं ते सगळ्यात महत्त्वाचं.

सुरमई | शनिवार, सकाळी ७:१५
डॉक्टर, मला माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळे हेच करतात. आज बहिणीला फोन करून सांगतो, तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे.

चिऱ्याचं_घर | शनिवार, सकाळी ८:००
मग मी जे बघितलंय ते सरळ सांगतो. गुहागरला सरकारी रुग्णालय आहे, १०८ ची गाडी येते, सर्पदंशाची लस सरकारीतच मिळते. ती लागते, आमच्याकडे फुरसं भरपूर. तुमच्या धाकटीला पायात बूट आणि हातात विजेरी याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. बालरोगतज्ज्ञ म्हणाल तर चिपळूण, आणि मोठं काही असेल तर सावर्ड्याजवळ डेरवणचं रुग्णालय, ते आणखी पुढे.
तिसऱ्या वर्षी माझ्या मुलाला रात्री दीड वाजता श्वास लागला. जुलै होता. वाटेत झाड आडवं पडलेलं. मी आणि शेजारी कोयतीने फांद्या तोडत होतो, बायको गाडीत त्याला उभं धरून बसली होती. एरवी सव्वा तास लागतो, त्या रात्री दोन तास वीस मिनिटं लागली. आधी सरकारीत वाफ दिली होती म्हणून निभावलं. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच पाण्याखाली गेलं, दवाखाने, औषधांची दुकानं, सगळं चिखलात. त्या आठवड्यात आमच्यासाठी चिपळूण नव्हतंच.
तरी आम्ही राहिलो. मुलं पोहायला शिकली, विहिरीचं पाणी काढायला शिकली, संध्याकाळी सात वाजता मी घरात असतो. पण माझ्या मुलाला आकडी येत नव्हती.

सातबारा | शनिवार, सकाळी ९:३०
विंचवाचंही लक्षात ठेवा. पूर्वी कोकणात लाल विंचवाने मुलं दगावत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली तेव्हापासून चित्र पालटलं. चिऱ्याच्या भिंतीतल्या भेगा सिमेंटने बुजवून घ्या. अर्थात घर नावावर झाल्यावर.

माहेरवाशीण | शनिवार, दुपारी १:१०
सगळे नवऱ्याच्या नेटबद्दल आणि मुलांबद्दल बोलताहेत. मोगरा, तुमचं काय? तुम्ही काही काम करता का?

मोगरा_पुणे | शनिवार, दुपारी २:२५
एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते, नऊ वर्षं. जाऊनच करावं लागतं. सोडावं लागेल. ते मी धरूनच चालले होते, म्हणून लिहिलं नाही.

माहेरवाशीण | शनिवार, दुपारी २:४०
लिहायला हवं होतं. मी लग्नानंतर नोकरी सोडून मालवणजवळ आले. पहिली दोन वर्षं माझ्या हातात स्वतःचा एक रुपया नव्हता, भाजीवालीला द्यायला सासूकडे मागायची. नंतर सुपारी आणि कोकमाच्या व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशेब घ्यायला लागले. तुम्हाला तर ते कामच येतं. सरांना आत्ताच विचारा, थोडे क्लायंट घरून करू देतील का.

मोगरा_पुणे | शनिवार, रात्री १०:५५
आज बरंच झालं. डॉक्टरांना भेटलो, दोघंही. फवारा लिहून दिला. ते म्हणाले दुसरी आकडी सात मिनिटं चालली होती, म्हणून हा पावसाळा तरी हिला दवाखान्याच्या जवळ ठेवा, मग बघू. नवरा गाडीत गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, मला सात मिनिटं हा आकडा माहीतच नव्हता, मी त्या दिवशी ऑफिसात होतो.
मालकांना फोन केला. अकरा महिन्यांचा करार करू, आधी सोडलं तर दोन महिन्यांची नोटीस, याला तयार आहेत. फी भरतोय. जून-जुलैत नवरा तिकडे राहील, आईजवळ, आणि महिन्यातून एकदा येईल. मी सरांशी सोमवारी बोलणार आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, त्याला येताना गमबूट आणायला सांग, इथे त्याच्या मापाचे मिळत नाहीत.
सातबारा, विचारलं. आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, नऊ वारस.

सातबारा | शनिवार, रात्री ११:०४
तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जूनच्या आधी द्या. नवरा दोन महिने तिथेच आहे, तर पाठपुरावाही होईल. मृत्यूचे दाखले गोळा करायला लागा, आजेसासऱ्यांपासून.

चिऱ्याचं_घर | शनिवार, रात्री ११:२०
त्याला माझा निरोप द्या, इन्व्हर्टर पुण्याहून घेऊन येऊ नकोस, चिपळूणला घे, बिघडला तर दुरुस्तीला माणूस येतो. ऑगस्टमध्ये मुलांना आठ दिवस आणा, मी भेटायला येईन.

कोथरूडकर | रविवार, सकाळी ८:१५
गमबूट पुण्यात मंडईजवळ मिळतात. आतून कापड लावलेले घेऊ नका, वाळत नाहीत.