गाभण घोडीच्या मुतापासून बनलेलं इस्ट्रोजेन नको आहे, पर्याय कोणी वापरलाय का?

मुक्काम विनिपेग, वय एक्कावन्न, पाळी गेली आहे. रात्री अंगातून अशा वाफा निघतात की उणे तीसमध्येही खिडकी उघडावीशी वाटते. डॉक्टरांनी प्रीमारिनच्या, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. हॉर्मोन घ्यायला माझी ना नाही, पण हेच हॉर्मोन का?

ते १९४० च्या दशकापासून गाभण घोडीच्या मुतातून काढतात, आणि त्याचा कारखाना आमच्याच मॅनिटोबात, ब्रँडनला आहे. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. त्यातला हिवाळ्याचा मोठा काळ ती अरुंद ठाणात बांधलेली, मागे मूत गोळा करायची रबरी पिशवी. वसंतात शिंगरू झालं की पुन्हा गाभण करायची. शिंगरांना गिऱ्हाईक मिळालं नाही तर ती लिलावात जातात, काही थेट कत्तलखान्यात. नियमावली आहे, तपासणीही होते, पण बांधून ठेवणं त्या नियमांतही बसतंच.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात या औषधाचे धोके पुढे आले आणि खप कोसळला. कंपनीने शेतकऱ्यांचे करार कमी केले, हजारो घोड्या नकोशा झाल्या. म्हणून 'तू सोडलंस तर त्या घोड्यांचं काय' असं मैत्रीण विचारते. प्रश्न खोटा नाही, पण त्यासाठी मी गोळी गिळत राहावी हे मला पटत नाही.

तर, एस्ट्राडायॉलचा (हेही इस्ट्रोजेनच) त्वचेवर चिकटवायचा पॅच किंवा जेल वापरणाऱ्या कोणी आहेत का? गर्भाशय काढलेलं नाही. कृपया शतावरी आणि सोयाबीन सुचवू नका, दोन्ही करून झालंय.

जास्वंद: मी पॅच लावते. डॉक्टरांकडे १७-बीटा एस्ट्राडायॉल असं नाव घेऊनच मागा. सोयाबीन किंवा रताळ्यासारख्या रानटी कंदातल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत बनवतात, आणि आपल्या अंडाशयातलं तेच. त्वचेतून जात असल्याने रक्तात गाठी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी धरतात. गर्भाशय आहे म्हणजे सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन हवंच, ते चुकवू नका. त्याच्या कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, शाकाहारी असाल तर विचारून घ्या. योनीच्या कोरडेपणासाठी क्रीम दिलं तर तेही बघा, प्रीमारिनचं क्रीमही मिळतं. भारतात आईसाठी घेत असाल तर 'कॉन्ज्युगेटेड' (प्रीमारिनच्या प्रकारचं इस्ट्रोजेन) शब्द दिसला की ते कशापासून बनवलंय ते विचारा, काही कृत्रिमही असतात.

धागाकर्ती: आभार! घामाने पॅच सुटत नाही का?

जास्वंद: सुटतो कधी कधी. ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर, कोरड्या त्वचेवर लावा, तिथे तेल-लोशन नको आणि दर वेळी जागा बदला. छातीवर कधीच नाही. तरी सुटतच राहिला तर जेल.